सायरनवाले नाना

प्रत्येक जुन्या सोसायटीत एक जुनी मारुती ८०० असते आणि तिचे एक नाना असतात. कंपनीने २०१४ साली या गाडीचं उत्पादन थांबवलं. नानांनी तिचं कौतुक थांबवलेलं नाही. तिला हात लावायची कुणाची टाप नाही, कारण हात न लावताही ती बोंबलते.

अलार्म कंपनीचा नव्हे. तो नाक्यावरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून, सेंट्रल लॉकिंगबरोबर बसवून घेतलेला. दुकान कधीच उठलं. वायरिंगचा नकाशा बसवणाऱ्या पोराच्या डोक्यात होता, तो त्याच्याबरोबर गेला. डॅशबोर्डखाली उरल्या त्या सात रंगांच्या वायरी आणि काळी चिकटपट्टी.

रात्री दोनला सायरन सुरू झाला की नाना लेंगा सावरत, टॉर्च घेऊन खाली येतात. दुसरा कुणी रिमोट दाबून परत झोपला असता. नाना कारण शोधतात. निदान हा त्यांचा प्रांत. दुरुस्ती ही किरकोळ बाब, ती मेकॅनिकने करावी.

"दार बंद असताना आतला दिवा लुकलुकला की समजायचं, दाराच्या स्विचला गंज चढलाय," ते वॉचमनला सांगतात. "अलार्मला वाटतं, दार उघडलं." मग वॉचमन आत बसून दिव्याकडे बघतो आणि नाना बाहेरून दार आपटतात. वरच्या चारही मजल्यांवर दिवे लागतात. गाडीतला लागत नाही. म्हणजे दार निर्दोष.

पुढचा संशयित बॉनेटखालचा स्विच. पावसाळ्यात तिथे पाणी जातं. त्यानंतर शॉक सेन्सर. तो जास्त पिळला तर पाण्याचा टँकर गेला तरी गाडी किंचाळते, कमी केला तर काच फुटली तरी ढिम्म. शेवटी बॅटरी. मल्टिमीटर लावून नाना मान हलवतात, "भरलेली असती तर १२.६ व्होल्ट दाखवले असते. ही १२च्या खाली. अशक्त माणूस चिडचिड करतो, तसंच आहे हे."

त्यांचा नियम एकच : एका रात्री एकच वायर काढायची. दोन काढल्या तर दोषी कोण, हे कसं कळणार? शास्त्र म्हणून हे बिनचूक आहे. फक्त प्रयोगशाळेत चाळीस बिऱ्हाडं झोपलेली असतात.

एकदा वैतागून सेक्रेटरींनी बॅटरीची वायरच उपटली. सायरन वाजतच राहिला, कारण त्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी होती. "चोरानेही हेच केलं असतं," नाना अभिमानाने म्हणाले आणि सायरनची चावी शोधायला वर गेले. ती सापडायला अर्धा तास लागला.

"तो भोंगा काढून टाका आणि स्टिअरिंगला कुलूप लावा," असं नानी कधीपासून सांगतायत. नानांच्या मते हा उपाय आहे, निदान नव्हे.

अखेर वार्षिक सभेत विषय निघाला. नाना उभे राहिले. "गेल्या दहा वर्षांत या आवारात एक तरी चोरी झाली?"

झाली नव्हती. अख्खी बिल्डिंग जागी असताना चोर येईल कशाला? सभा निरुत्तर झाली. खजिनदारांनी मात्र लगेच हिशेब मांडला, "मग रात्रीच्या वॉचमनचा पगार वाचवायला हरकत नाही."

नाना पहिल्यांदाच गडबडले. "छे छे! मग आत बसून दिवा कोण बघणार?"