गुंड्याचे आप्पा

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये गुंड्या शिरला की लोक आपापल्या पिशव्या छातीशी धरतात. गुंड्याला कुणी भीत नाही. तो लॅब्रॅडॉर आहे. रात्री चोर आला तर त्याला दाखवायला बॅटरी तोंडात धरून पुढे चालेल. धाक आहे तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असणाऱ्या आप्पांचा. "पिशवीत काय आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि "कांदा आहे का त्यात?" हा दुसरा. सुरतेत, तेही अडाजणला, संध्याकाळी सात वाजता लोचो घेऊन घरी निघालेल्या माणसाला असं विचारायचं म्हणजे धाडसच.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. भुसावळ लाइनीच्या गाडीनं निम्मा खानदेश उधन्या-लिंबायतला उतरला, त्यात तेही उतरले. पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसात डाइंग मास्टर म्हणून ३० वर्षं काढली. "घरात कुत्रं? मी जिवंत असेपर्यंत नाही," असं म्हणणारा हा माणूस. मग लेक कॅनडाला निघाली आणि गुंड्याला "सहाच महिने, पप्पा" म्हणून ठेवून गेली. त्याला आता चार वर्षं झाली. मुलांनी मागे ठेवलेली कुत्री सांभाळणाऱ्या निवृत्त बापांची आपल्याकडे एक नवी जमातच तयार झाली आहे. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कुठंही सकाळी सहाला बाहेर पडा. कानटोपी, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात जुनं वर्तमानपत्र, आणि चेहऱ्यावर सुनेला कधी दाखवली नाही ती माया.

पण आप्पांची गोष्ट वेगळी, कारण ते पडले रंगवाले. पहिल्याच महिन्यात त्यांनी दुकानातून कुत्र्याची बिस्किटं आणली. हाडाच्या आकाराची, लाल, हिरवी, काळी. "इम्पोर्टेड छे, साहेब," दुकानदार म्हणाला. आप्पांनी घरी येऊन एक लाल बिस्कीट पांढऱ्या सुती चिंधीत बांधलं, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवलं आणि घड्याळ लावून समोर बसले. शेजारी गुंड्या. त्याची लाळ फरशीवर. अर्ध्या तासानं चिंधी सोडली तर गुलाबी! आप्पांनी ती खिडकीपाशी उजेडात नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि निकाल दिला, "स्टेनिंग दोन नंबर. हे कापड असतं तर पार्टीनं अख्खा माल परत पाठवला असता." दुसऱ्या दिवशी चिंधीसकट दुकानात गेले. "कुत्र्याला लाल रंग दिसतच नाही, त्याला दिसतो निळा आणि पिवळा. मग हा रंग घातलाय कुणासाठी? माझ्यासाठी? मी खाणार आहे का?" त्या दुकानदारानं आता दारातूनच हात जोडायला सुरुवात केली आहे.

त्या दिवसापासून खाऊ घरचा. मीठ न घातलेला उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद, फरसबी, काकडी, रविवारी उकडलेलं अंडं. डॉक्टरांनी सांगितलं की वरखाऊ दिवसभराच्या खाण्याच्या १० टक्क्यांच्या आतच हवा. आप्पांनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या मजल्यावर हिऱ्यांचे दलाल राहतात, त्यांचा जुना काटा मागून आणला आणि त्यावर गाजराचा तुकडा ठेवला. भरला २५ कॅरेट, म्हणजे पाच ग्रॅम. "याहून मोठा नको," म्हणाले आणि एक चकती काढून स्वतःच्या तोंडात टाकली.

आता अडचण अशी की 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' म्हणणारं हे गाव. इथं माया करायची म्हणजे समोरच्याच्या तोंडात काहीतरी कोंबायचं, मग त्याला दोन पाय असोत की चार. हिवाळ्यात पोंक येतो (आपला हुरडाच, पण सुरती माणसाला तसं म्हणू नका), त्याच्याबरोबर लसणाची शेव. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे आप्पा पोंकच्या रांगेत उभं राहून सांगतात. रांग ऐकून घेते आणि शेव जास्त मागते. सगळ्यात कठीण रात्र कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसाची. चंदनी पडवो, सगळं शहर घारी आणि भुसू घेऊन फूटपाथवर चटया टाकतं. मावा, साखर, वरून तुपाचा थर. गुंड्या या चटईवरून त्या चटईवर, आणि मागे आप्पा.

"अरे आप्पा, एक कटकाथी शुं थाय? एनेय चंदनी पडवो छे ने!"

"स्वादुपिंडाला सूज येते इतक्या तुपानं!"

"कोने?"

"कुत्र्याला!"

"तो तमे खाओ."

आणि आप्पा खातात. दोन. स्वतःची उपाशीपोटीची साखर १८२ असताना.

गुंड्याला निर्धास्त सोडावं असं सोसायटीत एकच घर, तिसऱ्या मजल्यावरच्या जैन मावशींचं. कांदा नाही, लसूण नाही, हाड तर स्वप्नातही नाही. (शिजवलेलं हाड चावताना सुरीसारखं फुटतं आणि आतडं फाडतं, म्हणून आप्पांच्या घरी मटणाच्या दिवशी गुंड्या वरच मुक्कामाला असतो.) मावशी त्याच्यासाठी बिनमिठाचा साधा खाकरा बाजूला काढून ठेवतात. फक्त गाजर म्हणजे कंदमूळ, ते त्या घरात चालत नाही. त्यामुळे खिशात २५-२५ कॅरेटचे तुकडे भरलेले आप्पा तिथं खिशावर हात दाबून बसतात आणि गुंड्या सगळा वेळ त्यांच्या मांडीवर नाक लावून उभा. "केटलो प्रेम छे!" मावशी म्हणतात.

आप्पा असे कडक का झाले, याला एक सत्यनारायण कारण आहे. आमच्याच मजल्यावर पूजा होती. कुणीतरी प्रेमानं गुंड्यालाही द्रोणभर शिरा दिला, भरपूर मनुकांचा. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. कथेतल्या कलावतीनं प्रसाद टाकला तर तिच्या नवऱ्याची नौका बुडाली. इथं प्रसाद खाल्ला म्हणून बुडायची वेळ आली. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडावर उठतात, आणि किती खाल्ल्यावर उठतील याचा नेम नसतो. एखादा मूठभर पचवतो, एखाद्याला चार नडतात. आप्पा रिकामा द्रोण बघून किंचाळले, "काय खाई ऱ्हायना रे भो!" एरवी ते शुद्ध बोलतात, अहिराणी निघाली की समजावं, पाणी गळ्याशी आलं. रात्री दहाला रिक्षा, डॉक्टर, उलटीचं इंजेक्शन. आप्पांनी पडलेल्या मनुका मोजल्या: ११. मग दोन दिवस सलाइन. गुंड्या तिसऱ्या दिवशी शेपटी हलवत घरी आला. आप्पा मात्र आठवडाभर हातात भात घेऊन बसून राहायचे.

आता आमच्याकडे गुरुजी मनुका वेगळ्या वाटीत ठेवतात. चॉकलेट आणणाऱ्या पाहुण्यांची झडती दारात होते. लेकीनं कॅनडाहून बिनसाखरेच्या पीनट बटरची बाटली पाठवली, तर आप्पांनी भिंग लावून पाठीमागचं लेबल वाचलं. झायलिटॉल! माणसाच्या मधुमेहाला सोयीची ही गोडी कुत्र्याच्या पोटात गेली की त्याची रक्तातली साखर धाडकन उतरते. बाटली आप्पांच्या बेडरूमच्या कपाटात, कुलपात गेली. दर आठवड्याला तिची पातळी उतरते, ती गुंड्यामुळे नव्हे.

त्यांना हसणाऱ्यांत मी पहिला होतो. पण परवा मी हातात भज्यांचा पुडा घेऊन लिफ्टमध्ये शिरलो आणि गुंड्यानं माझ्याकडे त्या नजरेनं बघितलं, आठ दिवस अन्न पाहिलं नसल्यासारखं. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण पाव लॅब्रॅडॉरांच्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि अशांची खा-खा जास्त असते. गुंड्या त्या पावात आहे की नाही कुणी तपासलेलं नाही. तपासायची गरजही नाही. माझा हात पुड्यात गेलाच होता, इतक्यात आप्पा हळूच म्हणाले, "कांद्याची आहेत ना?" हात तिथंच थांबला.

तुम्ही कधी अडाजणला आलात तर आप्पांकडे जरूर जा. मिठाई नेऊ नका, काकडी न्या. साल काढू नका. ते स्वतः काढतात.