पर्जन्यछायेतून पर्जन्यछायेकडे

राजीनाम्याच्या मेलमध्ये मी 'पर्वतांची हाक', 'अंतर्मनाचा शोध' आणि दोन ठिकाणी 'क्षितिज' हे शब्द वापरले होते. आर्यावृत्तात लिहिला नाही इतकंच. ते काम बारामतीत मोरोपंतांनी आधीच करून ठेवलंय. कंपनीचं उत्तर आलं : लॅपटॉप जमा करा.

बायकोने खराडीतली नोकरी एका ओळीत सोडली. तिला डोंगर बघायचे होते. मला डोंगर बघणारा माणूस म्हणून दिसायचं होतं.

मनाली, अटल बोगदा, बारालाचा, लेह, खारदुंग ला असा बेत. पण आधी इंदापूर तालुक्यात आईदादांच्या पाया पडणं आलं. म्हणजे हिमालयात जायचं म्हणून पहिले शंभरेक किलोमीटर आग्नेयेला. पाटसच्या पुढे रोटी घाट लागला. तुकोबांच्या पालखीच्या रथाला तो चढायला जादा बैलजोड्या जुंपतात, म्हणून त्याला घाट म्हणायचं. आमच्या गाडीला तो लागून गेल्याचं कळलंही नाही. तरी मी तिथे उतरून 'पहिला घाट सर' असा फोटो टाकला.

दादांनी टपावरचे डिझेलचे कॅन बघितले, चाकांना बांधायच्या साखळ्या बघितल्या.

"रजा किती टाकलीस?"

"नोकरीच सोडली."

"डोंगार बघाया?"

या प्रश्नात एवढा मजकूर होता की मी घाईघाईने पक्ष्यांवर घसरलो. पक्ष्यांवर मी नेहमीच घसरतो. बायको अशा वेळी मोबाइल चार्जिंगला लावते. १९८० साली भीमेवर उजनी धरण पुरं झालं, पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली आणि भिगवण-कुंभारगावच्या फुगवट्यावर पाखरं यायला लागली. रोहित पक्ष्यांसाठी पुण्याची माणसं पहाटे कॅमेरे घेऊन येतात. गुलाबी रंगाचं सगळ्यांनाच कौतुक. माझा जीव मात्र पट्टकादंबावर. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलं हे राखाडी हंसाच्या जातीचं पाखरू मंगोलियात, तिबेटात, लडाखात अंडी घालतं आणि थंडीत हिमालय ओलांडून खाली येतं. शास्त्रज्ञांनी यंत्रं बांधून मोजलं, तर ते सात हजार मीटरच्या वर उडताना सापडलं. खारदुंग ला पाच हजार तीनशेच्या घरात आहे, तिथे आम्ही ऑक्सिजनचा डबा नाकाला लावून फोटो काढणार. आणि एवढा खटाटोप करून हा प्राणी येतो कुठे? तर इंदापूर तालुक्यात! चिखलात पाय रोवून उभा राहतो, काठच्या रानातला हरभरा खातो. कुणाला सांगत नाही, कुठे टाकत नाही. मे सरत आला होता, त्यामुळे ही मंडळी आमच्या आधीच लडाखला पोचली होती. त्यांच्यात मागे राहिलेला मीच.

"आन त्या पाखरानं नोकरी सोडली न्हवती," दादा म्हणाले.

रात्री दोनला आमची पाण्याची पाळी होती. कालव्याचं आवर्तन सुटलं की टेलच्या माणसाला झोप नसते. दारं धरायला मीही गेलो, लडाखसाठी घेतलेली कपाळाला बांधायची बॅटरी लावून. उसात तिचा उजेड छान पडला. सरीत पाणी मात्र करंगळीएवढं.

हे पाणी भोरच्या डोंगरात पडतं. भाटघर, वीर अशी धरणं करत नीरा डाव्या कालव्याने इकडे येतं, आणि वाटेत ज्याची मोटर मोठी त्याचं होतं. शेवटच्या रानापर्यंत येईतो त्याची ओल तेवढी उरते. दादा त्या ओलीसाठी जन्मभर रात्रीचे उठत आले आहेत. वर्षात एकदा पालखीबरोबर बारामतीहून पंढरपूरला चालत जातात, तेवढीच त्यांची रजा. ऑफिसच्या एसीत बसून 'बर्नआउट' हा शब्द मी किती सहज बोलायचो! मला त्या वेळी स्वतःपेक्षा त्या मोटरवाल्यांचाच जास्त राग आला, हे खरं. पण तो व्यक्त करायला तिथे रेंज नव्हती.

उजाडताना बायको चहा घेऊन बांधावर आली. दादांनी बशी तोंडाला लावत विचारलं, "तिकडं पाऊस कसाय?"

"फारसा नसतो. लेहला वर्षाला शंभरेक मिलिमीटर. ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात."

"म्हंजी सह्याद्रीनं आपलं केलं तसंच."

"तसंच."

"आरं, मग त्याच्यापरास आपल्या सुप्याच्या माळावर जास्त पडतो. दुष्काळच बघायचा हुता तर एवढं डिझेल कशाला जाळतूस?"

बायकोने लगेच फोनवर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारे शोधायला घेतले. मी दादांच्या हातातलं फावडं ओढून घेतलं. विषय बदलायला जवळ दुसरं काही नव्हतं.