चार्जरखरेदी: प्रवेशिका प्रथम

या परीक्षेला वयाची अट नाही. घरात एक लॅपटॉप, त्याच्यासोबत आलेलं चार्जरचं धूड, आणि बॅग भरताना त्या धुडाकडे बघून ‘हे आता मी वाहणार नाही’ असा केलेला पण, एवढी पात्रता पुरते. पण करणारा आणि बॅग उचलणारा एकच इसम असावा अशीही अट नाही.

बहुतेक उमेदवार इथूनच चुकतात. ते मोबाइल उघडून सगळ्यात छोटा चार्जर कोणता ते शोधू लागतात. फोटोतल्या बाईच्या तळहातावर मावणारी पांढरी डबी आवडते, ऑर्डर जाते, डबी येते आणि लॅपटॉप तिला ओळखच देत नाही. आकार हा या अभ्यासक्रमातला शेवटचा धडा आहे. पहिला धडा घरातच आहे, सोफ्यामागे.

जुना चार्जर पालथा करा. त्याच्या पोटावर मुंगीच्या पावलांची अक्षरं दिसतील. उघडू नका, भिजवू नका, कचऱ्यात टाकू नका, अशा सूचना अर्ध्या जगाच्या लिप्यांमध्ये आहेत. त्या गर्दीत इनपुट आणि आउटपुट अशा दोन ओळी सापडतील. वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. तो फोटो जपून ठेवा, पुढे तोंडी परीक्षेला लागणार आहे.

आउटपुटपुढे समजा १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर लिहिलंय. गुणाकार केला की ६५ वॉट येतात. यातला व्होल्ट जुळलाच पाहिजे, तिथे ‘थोडं इकडेतिकडे’ चालत नाही. अँपिअर मात्र जास्त असला तरी बिघडत नाही, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच ओढतो. ‘६५ च्या लॅपटॉपला ९० वॉटचा चार्जर लावला तर मदरबोर्ड जळतो’ असं छातीठोकपणे सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना नमस्कार करून लिफ्टमध्ये शिरावं. उलटं केलं, म्हणजे ६५ च्या जागी ३० वॉटचा चिमुकला आणला, तर काम सुरू असताना चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते.

आता तोंडी परीक्षा. पुण्याचं केंद्र तपकीर गल्ली, मुंबईचं लॅमिंग्टन रोड. परीक्षक काउंटरमागे उभा असतो आणि उमेदवाराकडे न बघता विचारतो, ‘पिन जाडी का बारीक?’ उमेदवार म्हणतो, ‘काळी आहे.’

‘मधे सुई आहे का?’

‘असेल बहुतेक.’

‘ओरिजिनल देऊ का कंपॅटिबल?’

‘ओरिजिनलच हवा.’

‘कंपनीचा ओरिजिनल का आपला ओरिजिनल?’

इथपर्यंत आलेला उमेदवार नापास झालेला असतो. उत्तीर्ण व्हायचं असेल तर तोंड न उघडता फोटो काउंटरवर ठेवावा. सुईचा प्रश्न मात्र थट्टेचा नाही. डेल आणि एचपीच्या बऱ्याच गोल पिनांच्या मधोमध एक बारीक सुई असते. चार्जर कोणता आहे हे लॅपटॉपला तिच्यावाटे कळतं. ती वाकली किंवा नकली निघाली तर लॅपटॉप सुरू होताना कुरकुर करतो, चालतो, पण बॅटरी भरून घेत नाही. म्हणून ‘घुसली ना, मग झालं’ हा दुकानातला दिलासा मान्य करू नये. भोकात बसणं आणि चार्ज होणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

टाइप-सीचं भोक असलेल्या उमेदवारांना या प्रश्नात सूट आहे, पण ते भोक चार्जिंगचं आहे याची खात्री केल्यावरच. काही लॅपटॉपची टाइप-सी फक्त माहिती नेण्या-आणण्यापुरती असते. शेजारी विजेची खूण दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, ती थंडरबोल्ट नावाच्या जलद जोडणीचीही असते. लॅपटॉपसोबत आलेलं, अजून प्लास्टिकमधून न काढलेलं माहितीपत्रक या निमित्ताने उघडायला हरकत नाही.

टाइप-सीतून लॅपटॉप चार्ज होतो तो पॉवर डिलिव्हरी नावाच्या पद्धतीने. केबल लावली की चार्जर, टेबलाशी आलेला हॉटेलचा पोऱ्या जसा एका दमात सगळा मेनू म्हणतो तसा, आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो: ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५ व्होल्ट, २० व्होल्ट. लॅपटॉप त्यातलं हवं ते मागवतो. मागणी येईपर्यंत चार्जर ५ व्होल्टच्या वर जात नाही. त्यामुळे एकाच डबीवर फोनही चालतो आणि लॅपटॉपही. या पद्धतीची मर्यादा आधी १०० वॉट होती, २०२१ मध्ये ती २४० वर गेली. युरोपीय महासंघाने तर लॅपटॉपना टाइप-सी सक्तीचं करायला २८ एप्रिल २०२६ ही तारीखच नेमून दिली.

डबीवर सोनेरी अक्षरांत ‘गॅन’ लिहिलेलं असेल. ते गॅलियम नायट्राइड. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या निळ्या एलईडीसाठी मिळालं, ती याच पदार्थाची. चार्जरमध्ये त्याचं काम इतकंच, की सिलिकॉनपेक्षा कितीतरी वेगाने वीज चालू-बंद करता येते आणि उष्णता कमी वाया जाते. वेग वाढला की आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो, म्हणून डबी लहान. विज्ञान खरं आहे. सोनेरी अक्षरं मात्र कोणताही छापखाना छापून देतो. म्हणून डबी उलटून बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघावा. तो ‘आर’ने सुरू होतो आणि बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. क्रमांक नसलेली डबी कितीही गोजिरवाणी असली तरी खाली ठेवावी.

केबल हा अभ्यासक्रमाबाहेरून येणारा प्रश्न आहे. डबीच्या फोटोत ती नसते, पुष्कळदा डबीतही नसते. फोनची जुनी टाइप-सी केबल दिसायला तीच, पण ६० वॉटच्या वर जायचं तर ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. ६५ चा चार्जर आणि साधी केबल या जोडीतून ६० च मिळतात. एवढ्याने प्रवासात कुणाचं अडत नाही. १०० वॉटच्या चार्जरला मात्र ही साधी केबल लावू नये, पैसे फुकट जातात. दोन तोंडांचा चार्जर असेल तर बारीक अक्षरं पुन्हा वाचा: ६५ हे एकट्या लॅपटॉपचे. फोनही लावला की ४५ आणि २० अशा वाटण्या होतात, आणि वाटणी होताना लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा जुळतं. ते बिघडणं नव्हे.

आता क्रियात्मक. यात सगळ्यात जास्त उमेदवार बसतात आणि पडतात. पडतो खरं तर चार्जर.

जुन्या धुडाची एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही: ते जमिनीवर बसायचं. भिंतीत फक्त त्याच्या वायरीचा प्लग असायचा. नवी डबी सगळं वजन घेऊन भिंतीत लटकते. आणि आपल्या भिंती कशा, तर लॉजच्या पलंगामागचं सॉकेट, एसटी स्टँडवरचं सॉकेट, रेल्वेच्या डब्यातलं सॉकेट, तिन्ही वर्षानुवर्षं प्लग खाऊन सैल झालेली. त्यात परदेशी बेताच्या डब्यांच्या दोन पिना ४ मिलीमीटरच्या, आणि आपल्या तीन पिनी प्लगच्या साधारण ५ मिलीमीटरच्या. एका मिलीमीटरची ही फट कोकणकन्येत रात्री कळते. गाडी सांध्यावरून गेली की डबी मान टाकते, लॅपटॉप काळोखतो. मग खाली पाण्याची बाटली टेकवून डबीला आधार दिला जातो. बाटलीतलं पाणी कुणी पिऊ नये म्हणून समोरच्या बर्थवरच्या आजोबांना विनंती करावी लागते. सैल पिनांमध्ये ठिणग्या पडतात, म्हणून कागदाच्या घड्या आणि काडेपेटीच्या काड्या कोंबण्याचा उद्योग करू नका. उपाय साधा आहे: जाड तीन पिनांची, पण भिंतीत घुसणारी नव्हे, तर सुटी वायर जोडता येणारी डबी घ्या. बॅगेत वायरीचे काही ग्रॅम वाढतात, ते वाढू द्या. तिसऱ्या पिनेचा आणखी एक फायदा आहे. धातूचं अंग असलेला लॅपटॉप दोन पिनी चार्जरवर असताना मनगटाला झिणझिण्या येतात. चार्जर आणि सॉकेट दोघांना अर्थिंग असेल तर त्या थांबतात.

रेल्वेसाठी ती इनपुटची ओळ पुन्हा बघा. अनेक जुन्या डब्यांत सॉकेटला ११० व्होल्टच येतात. १०० ते २४० लिहिलेला चार्जर तिथे चालतो. आगीच्या धास्तीने २०२१ मध्ये रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा सादरीकरण रात्री जागून पुरं करू असा बेत आखू नये. विमानात चार्जर कुठल्याही बॅगेत चालतो, पॉवर बँक मात्र हातातल्याच.

निकाल असा: लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर ६५ वॉटची डबी बहुतेकांना पुरते, गेमिंगच्या लॅपटॉपना नाही. त्या उमेदवारांनी धूडच वाहावं, त्यांना सूट नाही. गोल पिनवाल्यांनी कंपनीचाच सडपातळ चार्जर महाग असला तरी घ्यावा. खरेदीला जाताना लॅपटॉप सोबत न्या, बॅटरी निम्म्यावर आणून न्या, दुकानातच लावून टक्का वाढताना बघा, आणि पक्कं बिल मागा. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मिळत नाही.