शेडमधलं श्रीखंड

स्लाऊमध्ये मे महिन्यात ऊन पडलं, की अख्खी गल्ली मागच्या अंगणात येते. आमच्या आणि कुंदाताईंच्या मधल्या कुंपणाची एक फळी हिवाळ्यातल्या वाऱ्याने पडली, ती पडलीच. दोन्ही घरांना ती बसवायची घाई नाही. त्या फटीतून कोथिंबीर जाते, चकल्या येतात आणि बातम्या दोन्हीकडून.

"काल रात्री साडेअकरापर्यंत आमच्या शेडमध्ये दिवा होता, बघितलास ना?" मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात फटीतून कुंदाताईंचा आवाज आला.

"बघितला. म्हटलं, दाजी गवत कापायचं मशीन दुरुस्त करत असतील."

"कसलं मशीन! कस्टर्ड करत होते."

"शेडमध्ये?"

"खायचं नाही गं. ओढायचं."

कुंदाताई साताऱ्याच्या, त्यामुळे त्यांचे यजमान गल्लीतल्या सगळ्या मराठी बायकांचे दाजी. तीस वर्षं सिगारेट ओढली. डॉक्टरने दम दिला तेव्हा व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आले. डॉक्टर म्हणाला होता, सिगारेट सोडायला हे चालेल, तिच्यापेक्षा कमी वाईट. पण चांगलं म्हणून नव्हे. आणि ज्याने कधी ओढली नाही, त्याने याच्या वाटेला जाऊ नये. इथवर मला माहीत होतं.

"दुकानातल्या बाटल्या महाग पडतात म्हणून यांना ऑफिसातल्या कुणीतरी घरी मिसळायला शिकवलं," कुंदाताई कुंपणावर कोपर टेकून स्थिरावल्या. "पहिल्यांदा म्हणाले, 'पीजी मागवलाय, उद्या येईल.' मला वाटलं, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट ठेवतायत! मी चादरी बदलल्या. आली काय, तर लिटरची बाटली. प्रॉपिलीन ग्लायकॉल."

"मग त्यात काय काय घालतात?"

"चारच जिन्नस. ग्लिसरीन, ते घट्ट आणि गोडूस, वाफेचे ढग त्याने होतात. हे पीजी पातळ, ते वास धरून ठेवतं आणि घशाला जरा खरवडतं, म्हणजे सिगारेट ओढल्यासारखं वाटतं. मग वासाचा अर्क. आणि निकोटीन."

"निकोटीन असं सुटं मिळतं?"

"10 मिलीच्या बाटलीत, फक्त. 2016 चा नियम आहे इथला. मिलीला 20 मिलिग्रॅमच्या वर विकायचं नाही. हे 18 ची तसली बाटली आणतात, बिननिकोटीनच्या 50 मिलीत ओततात, की झालं 3 चं."

"3 कसं?"

"180 भागिले 60! पाठ झालंय मला. ज्या माणसाने पोराचा पाढा कधी घेतला नाही, तो आता जेवताना टक्केवारी काढतो. वही आहे, वही! तारीख, वजन, शेरा. आणि सिरिंजने मापत नाहीत हं, ग्लिसरीन चिकटून राहतं म्हणे. काट्यावर तोलतात. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो तो काटा. एक मिली ग्लिसरीन भरतं सव्वा ग्रॅम आणि पीजी जेमतेम एक, म्हणून हिशेब वेगळा. माझी आई दहा किलो कैरीच्या लोणच्याला मीठ मुठीने घालायची."

"पण काटा बरा की. केशर मोजायला होईल तुम्हाला."

"तेच तर केलं मी! पाडव्याला श्रीखंडासाठी उचलून आणला. हे असे ओरडले, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घातली. 'त्याला निकोटीन लागलेलं असेल! विष आहे ते, कातडीतून आत जातं!' हातमोजे घालून घेऊन गेले परत. तेव्हापासून शेडमधला चमचासुद्धा घरात येत नाही. नात येते शनिवारी, म्हणून शेडच्या कपाटाला कुलूप."

"हे मात्र शहाणपणाचं."

"शहाणपण काट्यापुरतं. त्याच पाडव्याला यांच्या डोक्यात आलं, श्रीखंडाचा फ्लेवर करायचा. माझं वेलचीचं इसेन्स आणि साजूक तुपाची बरणी घेऊन निघाले होते, पण दारातच थांबले. वहीत स्वतःच लिहून ठेवलेलं, तेलातुपाचं काही घालायचं नाही, ते फुफ्फुसात जाऊन बसतं. साखरही नाही, ती व्हेपच्या तापलेल्या कॉइलवर जळते. आणि लोण्याच्या वासाचा जो अर्क असतो ना, डायअॅसिटिल, तो तर अजिबात नाही. अमेरिकेत मिसुरीत पॉपकॉर्नचा कारखाना होता, तिथल्या कामगारांच्या छात्या त्याच वासाने कामातून गेल्या. 2000 साली उघडकीला आलं ते. इथे व्हेपच्या बाटलीत त्याला बंदी आहे."

"पण ताज्या लोण्यालाही तोच वास असतो ना?"

"असतो की. लोणी पोटात गेलं तर कृष्ण, छातीत गेलं तर कंस."

मी हातातला टॉवेल तसाच धरून हसत राहिले.

"मग श्रीखंड राहिलंच?"

"राहील कसं? यासाठीच बनवलेले अर्क मागवले. वेलची, क्रीम, आणखी काय काय. पहिल्या दिवशी ओढून बघितलं, तर डोकेदुखीच्या बामचा वास! म्हटलं, टाका. तर म्हणाले, 'मुरू दे.' अंधाऱ्या कपाटात तीन आठवडे ठेवलं. फळांचे वास दोन-चार दिवसांत जमतात, दुधातुपाच्या वासाला तीन-चार आठवडे लागतात म्हणे. आता मला सांग, हा माणूस माझ्या लोणच्याला कधी तीन दिवस थांबला होता का?"

"साताऱ्याला नेणार का दाखवायला?"

"गप गं! पुतण्या मागेच लागला होता, 'काका, येताना एक व्हेप आणा.' भारतात 2019 पासून बंदी आहे, आणायला, विकायला, साठवायलासुद्धा. आणलं-विकलं तर पहिल्याच खेपेला वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मी सांगितलं, तुला कंदी पेढ्यांचे डबे परत पाठवीन रिकामे, पण हे नाही. आणि इकडेही आता 1 ऑक्टोबर 2026 पासून 10 मिलीला 2 पौंड 20 पेन्स कर जाहीर केलाय. त्याचंही कोष्टक वहीत."

मग कुंदाताईंनी मागे वळून शेडकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. खरी बातमी आता येणार, हे मला कळलं.

"परवा ते कामावर असताना कुलूप उघडं राहिलं होतं. मी लेबलं वाचली. जुन्या बाटल्यांवर 12. मग 6, मग 3. आणि गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या बाटल्यांवर शून्य."

"म्हणजे सोडलं की त्यांनी!"

"निकोटीन सोडलं. शेड कुठे सोडली?"

"तुम्हाला सांगितलं नाही?"

"एक अक्षर नाही."

"मग विचारा ना!"

"वेडी का काय? चार वेळा सोडली होती सिगारेट, चारही वेळा गाजावाजा करून. पेढे वाटून. आठ दिवसांत गॅलरीत उभे. या वेळी गुपचूप चाललंय, तर चालू दे. मीही मुरू देतेय."

तेवढ्यात शेडचं दार करकरलं. दाजी बाहेर आले, हातमोजे घातलेले, कपाळावर चष्मा. मला बघून हात हलवला आणि तोंडातून एक पांढरा ढग सोडला. कुंपणाच्या फटीतून वेलचीचा वास माझ्या ओल्या कपड्यांपर्यंत आला.

कुंदाताईंनी पदर खोचला आणि पूर्वीच्याच सुरात गरजल्या, "अहो, किती ते ओढणं! कमी करा की जरा!"

"हो हो, करतोय," दाजी म्हणाले आणि खुशीत परत शेडमध्ये गेले.