सूर्यावर खापर

सोयगावच्या उन्हाळ्यात कशाचंही खापर सूर्यावर फोडावं आणि त्यानं ते निमूट सोसावं, असा रिवाज आहे. विहीर आटली, कपाशीच्या रोपांनी माना टाकल्या, घरात भांड्याला भांडं लागलं. सगळ्याला ऊन जबाबदार. २०२४ साली त्याच्या नावावर भूकंपही चढला. २१ मार्चला पहाटे हिंगोलीकडे जमीन हलली, १० जुलैच्या सकाळी पुन्हा. दोन्ही वेळा ४.५ रिश्टर. सोयगाव तिथून लांब, पण गप्पांना अंतर कुठलं! त्यात १० मेच्या रात्री मोठं सौर वादळ येऊन थडकलेलं; लडाखात हानलेचं आकाश तांबडं झालं. टपरीवर एवढा पुरावा रग्गड झाला.

मी म्हटलं, "काका, मार्चचा भूकंप तर वादळाच्या आधीचा."

काका बशीत फुंकर मारत म्हणाले, "आधी ट्रायल घेतली असंल."

काकांची संगत तशी थोरामोठ्यांची. सूर्यावरचे डाग मोजण्यात हयात घालवलेल्या रुडॉल्फ वोल्फनंही १८५३ साली डाग आणि भूकंप यांचं नातं असावं असं सुचवलं होतं. डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात, ओसरतात. १९६७ चा कोयनेचा भूकंप डाग वाढत असतानाचा, १९९३ चा किल्लारीचा ओसरत असतानाचा. म्हणजे चढाला लागला तरी सूर्यच, उताराला लागला तरी सूर्यच! २०१३ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी चाळून सांगितलं, भरवसा ठेवावा असा संबंध दिसत नाही. २०२० साली इटलीतल्या काहींना सूर्याकडून येणाऱ्या प्रोटॉनांत आणि मोठ्या भूकंपांत तो पुन्हा दिसला. वाद चालू आहे, पण माझं मत अमेरिकेच्या पारड्यात.

कारण आपल्याकडची कारणं बहुधा पायाखालीच सापडली. कोयनेला धरणात पाणी साठू लागलं आणि धक्के सुरू झाले. किल्लारीत तर आदल्या वर्षीच, १९९२ मध्ये, जमीन हादरत होती. लोक घाबरून तक्रारी करत होते.

हे सगळं काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुढचा कधी?"

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"मंग काय उपयोग? पंचांगवाला निदान नक्षत्राचं वाहन बेडूक का म्हैस, एवढं तरी सांगतो."