नितळ पाण्यातला अमोनिया

घरच्या फिशटँकमधला बहुतेक अमोनिया माशांच्या कल्ल्यांतून येतो. माणूस शरीरातल्या अमोनियाचे युरिया करून तो बाहेर टाकतो. मासा ही खटपट करत नाही, कारण नदीत त्याच्याभोवती अमाप पाणी असते. दिवाणखान्यात त्याच्या वाट्याला चाळीस लिटर येते. त्यातलीही बरीच जागा प्लास्टिकचा किल्ला आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या अडवतात. उरलेल्या पाण्यात विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजून अमोनियात भर टाकतात.

अमोनियाला रंग नसतो, आणि मालकाचा अभिमान नेमका इथेच आडवा येतो. पाहुण्यांनी ‘पाणी किती नितळ ठेवलंय हो!’ म्हणावे यासाठीच टाकी असते. त्या नितळ पाण्यात विष आहे हे कोणत्याही मानी गृहस्थाला पटत नाही. मासे वर येऊन धापा टाकू लागले, कल्ले लाल झाले, की तो कौतुकाने सांगतो, ‘ओळखतात मला. खायला मागतायत.’ आणि आणखी एक चिमूट टाकतो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप त्यातल्या त्यात निरुपद्रवी, मुक्त अमोनिया घातक. पंचवीस अंश तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. सामू 8 झाला की हा वाटा पाच टक्क्यांवर जातो. कोकणातून हौसेने आणून टाकीत मांडलेले शिंपले सामू वाढवतात.

निसर्गात हा अमोनिया जिवाणू निस्तरतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा त्याचे नायट्रेट करतात. फिल्टरच्या स्पंजात ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी मात्र रविवारी सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यात डझनभर गोल्डफिश पोहत असतात. पुढे वस्ती कशीबशी जमली, की घरातले कोणीतरी दिवाळीच्या साफसफाईत स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उरलेसुरले जिवाणू मारतो.

यानंतर मासा मरतो, आणि रसायनशास्त्र संपून वास्तुशास्त्र सुरू होते. ‘घरावरचं संकट माशानं स्वतःवर घेतलं,’ असे शेजारच्या काकू सांगतात. या शास्त्रात टाकी ईशान्येला असते, सोनेरी मासे आठ आणि काळा एक. वाईट नजर शोषून घेण्याचे खाते काळ्याकडे. त्यातून फ्लॉवरहॉर्न असेल तर त्याच्या कपाळावरच्या टेंगळात घरमालकाचे भाग्य साठते. टेंगूळ मोठे दिसले की मालक आरशात स्वतःचेही कपाळ निरखतो. मासा गेल्यावर नवा आणायचा. तोही महिनाभरात एखादे संकट झेलून जातो. एकाच घरावर इतकी संकटे का येतात, असा प्रश्न कोणालाच पडत नाही. खरे तर त्या माशाने कोणाचे काही अंगावर घेतलेले नसते. त्याला बरेच दिवस श्वास जड जात असतो, आणि तो हवेसाठी वर येत असताना खोलीतले सगळे त्याच्याकडेच पाहत असतात.

उपाय साधे आणि मिरवायला निरुपयोगी आहेत. आधी टेस्ट किटने पाणी तपासावे. नेहमीच्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे शून्य; हिरवा जितका गडद तितका अमोनिया जास्त. मग पाव ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी अँटीक्लोरीन घातलेले आणि टाकीइतक्याच तापमानाचे हवे. दोन दिवस खाणे बंद ठेवावे. मोठ्या, निरोगी माशाचे काही बिघडत नाही, मालकाचा मात्र जीव वरखाली होतो. एअर पंप चालू ठेवावा. स्पंज तुंबला असेल तर तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. झिओलाइटचे खडे अमोनिया धरून ठेवतात, पण सोबत मीठ घातले तर धरलेला अमोनिया पुन्हा सोडून देतात. पाणी रोज तपासावे. अमोनिया उतरला की नायट्राइट चढते. तेही विषारी असल्याने ते उतरेपर्यंत पाणी बदलत राहावे लागते.

दोन्ही शून्यावर आली की टाकी बसली. तोवर स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत झालेला असतो, काचेवर शेवाळ धरते आणि पाहुणे टाकीबद्दल बोलेनासे होतात. उरते नायट्रेट. त्यासाठी आठवड्याला थोडे पाणी बदलावे, शिवाय मनी प्लांटची मुळे टाकीत सोडावीत. ती नायट्रेट शोषून घेतात, मग टाकी कोणत्याही दिशेला असो.