शाळा सुटली, क्लास भरला

वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलमध्ये दुपारी पिवळ्या बसमधून मुलं उतरतात आणि बऱ्याच मराठी घरांची दुसरी शाळा भरते. एकाला कुमॉन, दुसरीला रशियन मॅथ, शनिवारी रोबोटिक्स. पूर्वी दादरला किंवा पुण्यात दहावी जवळ आली की विचारायचे, ‘क्लास लावला का?’ इथे तोच प्रश्न पहिलीतल्या मुलाच्या आईला विचारतात.

इथल्या नॉर्थशोअर शाळा-जिल्ह्याच्या सरकारी शाळा चांगल्या, म्हणून आपण इथे घर घेतो. त्यासाठी जास्त किंमत मोजतो, दरवर्षी मालमत्ता कर भरतो. आणि घरात सामान लागायच्या आत त्याच शाळेवरचा विश्वास काढून घेतो. मला हे पटत नाही.

दुबईतल्या मराठी घराची गोष्ट वेगळी आहे. परदेशातून आलेल्या कुटुंबाला तिथे खाजगी शाळेवाचून फारसा मार्ग नाही. भारतीय बोर्ड की ब्रिटिश, बहुतेकांची निवड यातच. पण म्हणूनच तिथल्या सरकारने त्या बाजाराला वेसण घातली. 2006 साली शिक्षणासाठी प्राधिकरण नेमलं, 2008 पासून शाळांची तपासणी सुरू केली, शेरे जाहीर केले, फीवाढीला मर्यादा घातली. महाराष्ट्रातही शाळांच्या फीसाठी 2011 चा कायदा आहे; क्लासवाले मात्र त्याच्या बाहेर राहिले. बॉथेलच्या क्लासमध्ये काय शिकवतात आणि कसं शिकवतात, हे तर कोणताच सरकारी निरीक्षक पाहायला येत नाही. जाहिरात आणि शेजारणीचं मत, एवढ्यावर आपण मुलाची संध्याकाळ देऊन टाकतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो कॉगॅटच्या तयारीचा. हुशार मुलांच्या वर्गासाठी मुलं निवडताना ही चाचणी वापरतात. ज्यांचे आईबाप मागे लागतात त्यांचीच मुलं या वर्गांत पोहोचतात, हे वॉशिंग्टन राज्याच्या लक्षात आलं. म्हणून 2023 मध्ये कायदा झाला: दुसरीपर्यंत सगळ्याच मुलांची चाचपणी शाळेने करायची. मोलमजुरी करणाऱ्या आईचं मूलही नजरेत यावं, यासाठी केलेला हा कायदा. आपण सात वर्षांच्या मुलाला पैसे भरून त्या चाचणीचे नमुने घोटायला बसवतो, तेव्हा त्या दुसऱ्या मुलाची वाट अडवतो. आणि आपल्या मुलाला काय मिळतं? खेळायच्या वेळेत आणखी एक कागद.

पालकांची भीती खरी आहे, हे मला मान्य आहे. काही मुलांना शाळेचं गणित संथ वाटतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जागा मिळणं अवघड आहे. व्हिसावर आलेल्या माणसाला तर उद्याचीही शाश्वती नसते. मुलाची मार्कशीट तेवढी आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं. पण या भीतीवरचा उपाय विकतच घ्यावा लागतो, हे खरं नाही.

रनिंग स्टार्टचंच घ्या. 1990 च्या राज्य कायद्यातून आलेली ही योजना अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी कॉलेजात शिकू देते. शिकवणी फी लागत नाही. पुस्तकं, इतर शुल्क आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. कॅस्केडिया कॉलेज बॉथेलमध्येच, त्याच विद्यापीठाच्या शाखेशेजारी एकाच आवारात आहे. तिथे मिळवलेले क्रेडिट हायस्कूलला धरतात आणि कॉलेजलाही. क्लासच्या कोणत्या पायरीवर मूल आहे हे तोंडपाठ असणाऱ्या घरांत या योजनेचं नावही कित्येकदा माहीत नसतं.

शाळेत काही कमी पडत असेल तर ते शाळेकडेच मागायला हवं. या राज्याच्या घटनेत मुलांचं शिक्षण हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य म्हटलं आहे. राज्य त्यासाठी पुरेसा पैसा देत नाही म्हणून 2007 मध्ये चिमाकमच्या मॅकक्लियरी आणि इथून जवळच्या स्नोहोमिशच्या व्हेनेमा या दोन कुटुंबांनी सरकारला कोर्टात खेचलं. 2012 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी विधिमंडळ हलेना, तेव्हा 2015 पासून राज्याला दिवसाला एक लाख डॉलर दंड लावला. 2018 मध्ये न्यायालयाने खटला संपवला, तोवर राज्याला शाळांसाठी अब्जावधी डॉलर जास्तीचे काढावे लागले होते. ही माणसंही आपल्यासारखी पालकच होती. आपापल्या मुलांना क्लास लावून ती गप्प बसली असती तर इतर लाखो मुलांच्या पदरात काही पडलं नसतं.

आपल्यातल्या अनेकांना इथे मत नाही, हे ठाऊक आहे. शाळेच्या कर्जरोख्यांना साठ टक्के मतं लागतात. ज्यांनी नागरिकत्व घेतलं आहे त्यांनी ती मतपत्रिका टपालाच्या ढिगात विसरू नये. पण शाळा मंडळाच्या बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही, पीटीएत बसायलाही नाही. तिथे जाऊन विचारा: पुढे धावणाऱ्या मुलाला वर्गातच जास्तीचं गणित का मिळत नाही? मागे पडणाऱ्याला शाळा सुटल्यावर शाळेतच मदत का नाही? आणि शिक्षक कमी असतील, तर ते कोणाकडे मागायचे?